जाळ्याच्या जागेचा नारळ

नारळी पौर्णिमेच्या सुट्टीला विठू कोळी मुलाच्या गाडीतून पनवेलहून मुंबईला निघाला, मुलीकडे जेवायला. मांडीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ होता. होडी होती तोवर दर वर्षी तो असा नारळ आपल्या जाळ्याच्या जागेवर नेऊन समुद्राला द्यायचा. आता होडी विकली होती आणि त्या पाण्यावरून पूल गेला होता. पुलावरूनच देऊ, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पुलावर गाडी शंभरने पळू लागली. विठू डावीकडे बघत बसला. घारापुरीचे दोन डोंगर एकामागे एक येऊन एकच दिसले, की खाली त्याची जागा. तसे ते दिसले. “जीवन, थांबव.” “बाबा, इथं थांबता नाय येत. कॅमेरे हायत.” एवढ्यात डोंगर पुन्हा दोन झाले होते. विठूने काच खाली केली, वारा अंगावर आला, त्याने ती परत वर केली. मुंबईत मुलीचं घर एकोणिसाव्या मजल्यावर होतं. पुण्याच्या जावयाने नारळ हौसेने हातात घेतला, “वा, नारळीभाताला कमीच पडत होता,” म्हणत सोनेरी कागद सोडला आणि कोयता मागितला. मुलीने स्वयंपाकघरातून येऊन नारळ त्याच्या हातातून काढून घेतला. “हा आपला नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. कागद पुन्हा नीट गुंडाळून तिने नारळ वडिलांच्या मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, “बाबा, जागा गावली नाय?” “गावली,” विठू म्हणाला. “थांबता नाय आलं.”