चोंबडूशेठच्या चिठ्ठ्या

बाहुल्याचा खेळ करणाऱ्या रतिलालने पडद्यामागच्या खुर्चीवर आधी प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर जुना टॉवेल टाकला आणि मग तो हळूच टेकला.

"खुर्ची कॉलनीची शे, खराब व्हायला नको," तो प्रेमराजला म्हणाला. "अडुसष्ट चालू शे. पाऊण तासाच्या खेळात लघवीला धीर निघत नाही आता. कोणाला सांगू नका, भाऊ."

प्रेमराजने मान हलवली. त्याचे लक्ष टेबलावर आडव्या पडलेल्या बाहुल्याकडे होते. एके काळी दर रविवारी केबलवर येणारा, कंपासपेटीच्या झाकणावर हसणारा, प्रत्येक मुलाची खोड ठाऊक असलेला चोंबडूशेठ. जवळून पाहता त्याचे नाक कागदाच्या लगद्याचे होते आणि एका डोळ्याच्या जागी कोटाचे बटण शिवलेले होते. तेवीस वर्षांपूर्वी, यावलच्या शाळेच्या पटांगणात, तीनशे मुलांसमोर याच तोंडातून आले होते की चौथीतला प्रेमराज अजून अंथरूण ओले करतो. त्यानंतर दहावीपर्यंत शाळेत त्याला कोणी नावाने हाक मारली नाही.

जळगावच्या या कॉलनीत चोंबडूशेठचा खेळ ठरला, तेव्हा व्यवस्था पाहण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले होते. नेमके काय करायचे, हे मात्र आतापर्यंत ठरले नव्हते.

रतिलालने त्याच्या हाती कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. "एका चिठ्ठीवर एक पोर. नाव, रांग आणि घरातली खोड. आईबाप बाहेर उभे शेत, त्यांच्याकडून लिहून आणा. मी आधी वाचत नाही. आधी वाचलं तर चोंबडूशेठला नवल वाटत नाही, आणि पोरांना ते लगेच कळतं."

"नेहमी आईबापच लिहितात?"

"मग काय बाहुल्याला स्वप्न पडतं? हौसेनं लिहितात. काही तर पाठपोट लिहितात."

प्रेमराज दारातच थांबला. इतकी वर्षे त्याला मनातून कुठेतरी वाटत आले होते की बाहुल्याच्या त्या डोक्याला खरोखरच सारे कळते. आणि ज्याला आपण इतका जीव लावला त्यानेच आपल्याला उघडे पाडले, हेच त्याच्या रागाचे मूळ होते. आता त्या रागाच्या मागे त्याला आईचे तिरके अक्षर दिसले. ते लिहिताना ती कौतुकाने हसली असेल.

पण आई आता नव्हती. रतिलाल होता.

त्याने पालकांकडून एकवीस चिठ्ठ्या गोळा केल्या. बाविसावी त्याने व्हरांड्याच्या भिंतीवर कागद टेकवून स्वतः लिहिली, सावकाश, एकही अक्षर न खोडता.

खेळ सुरू झाला. पडद्याच्या आतल्या बाजूला दोरीवर चिमट्यांनी चिठ्ठ्या टांगल्या होत्या. विंगेत उभ्या असलेल्या प्रेमराजला पडद्याच्या दोन्ही बाजू दिसत होत्या: पुढे डोलणारा शेठ, मागे कोपर गुडघ्यावर रोवून बसलेला म्हातारा. विनोद तेच होते. त्यांच्यामधले थांबेही तेच. प्रेमराज ते एकेक करून तपासत राहिला आणि एकदाही हसला नाही.

"दुसरी रांग. हेमलता," चोंबडूशेठ म्हणत होता. "डब्यातली भाजी गाईला घालते आणि घरी सांगते, मीच संपवली. बाई, गाय लठ्ठ झाली ना."

मुले हसत असतानाच पुढची चिठ्ठी निघाली.

"नाव, रतिलाल."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. कॉलनीत या नावाचे मूल नव्हते.

"रांग, पडद्यामागची."

बाहुला थांबला. मागे म्हाताऱ्याने चिठ्ठी खालपर्यंत वाचली आणि मान वळवून विंगेत पाहिले. प्रेमराजने नजर हलवली नाही. आता हात खाली येईल. आता आवाज फाटेल. तो वाट पाहत होता.

चोंबडूशेठ पडद्याच्या काठावर ओणवा झाला आणि खाली डोकावला.

"अरे, हा तर इथंच बसेल शे. अडुसष्ट वर्षांचा घोडा, आणि खुर्चीवर प्लास्टिक टाकून बसतो. का रे?"

"धीर निघत नाही, शेठ," खालून म्हातारा स्वतःच्या आवाजात म्हणाला.

"एवढा मोठा झाला, तरी?"

"तरी."

बाहुल्याने त्याला टपली मारली. हॉलमध्ये हशा फुटला. पहिल्या रांगेतली मयुरी नावाची मुलगी हसता हसता खुर्चीवरून घसरली. मागे बायकांनी पदर तोंडाला लावले. हसण्याची लाट विंगेपर्यंत आली, आणि प्रेमराज तिच्यात कोरडा उभा राहिला.

हॉल रिकामा झाल्यावर रतिलाल घाम पुसत बाहेर आला. त्याच्या हातात ती चिठ्ठी होती.

"अक्षर चांगलं शे तुमचं," तो म्हणाला. "ही माझ्याकडेच राहू द्या. उद्या धुळ्याला दोन खेळ शेत." त्याने तिची नीट घडी करून ती वरच्या खिशात ठेवली. "तुमची काय होती?"

"काय?"

"चिठ्ठी. उगाच कोणी असं लिहीत नाही, भाऊ."

प्रेमराजने सांगितले. गाव, इयत्ता आणि ते एक वाक्य, जे त्याने बायकोलाही कधी सांगितले नव्हते. रतिलालने डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिले.

"याद नही," तो शेवटी म्हणाला. मग जरा पुढे झुकून, आवाज खाली आणून त्याने विचारले, "पोरं किती हसली होती?"

प्रेमराजने त्याच्याकडे पाहिले. रतिलालला जास्तीत जास्त बोचेल असे उत्तर त्याने निवडले.

"आजच्याइतकी नाही."

रतिलालचा चेहरा उजळला.