सुमनबाईचा येसर

कावळा शिवेना.

ओढ्याकाठी पिंड मांडून बराच वेळ झाला होता. ऊन चढलं होतं. समोरच्या बाभळीवर कावळे होते, नव्हते असं नाही. पण एकही खाली उतरायला तयार नव्हता. सुमनबाईच्या दहाव्याला निम्मं शिरड शहापूर आलं होतं आणि सगळे माना वर करून बसले होते.

माणूस गेलं की त्याच्या मनात काय होतं, ते आजूबाजूच्यांना एकदम कळायला लागतं. सुमनबाईचे थोरले भाऊ, संतराममामा, म्हणाले, म्हैस विकणार नाही म्हण. भागवतने म्हटलं. कुणी म्हणालं, नातवाला शिकवू म्हण. तेही म्हटलं. एकुलता एक मुलगा तो. जो जे सांगेल ते हात जोडून कबूल करत होता. एका म्हाताऱ्याने तर मारुतीच्या देवळाला रंग द्यायचंही सुमनबाईच्या इच्छेत घुसवून पाहिलं. कावळ्याने मान तिरपी केली आणि पंख साफ करायला घेतले.

काय अडलंय ते भागवतला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

आसपासच्या गावांत लग्न निघालं की येसराला सुमनबाई लागायची. धान्य भाजायची, मसाले भाजायची, जात्यावर दळायची. ते पीठ पाण्यात कालवून आमटी उकळली की मांडवाबाहेर रुसून बसलेला पाहुणाही आपसूक आत यायचा. हिंगोलीच्या विजयकुमार शेठनी तो येसर पाकिटात घालून विकायचं ठरवलं. भागवतला त्यांच्या कारखान्यात कायमची नोकरी मिळाली, आणि सुमनबाईपुढे गुप्ततेचा करार आला. कृती कुणालाही सांगायची नाही, घरच्यांनासुद्धा नाही. कारखान्यात दार लावून तिने ती एकट्या शेठना सांगितली. भागवत बाहेर चहा पीत बसला होता.

अंगठा उठवण्याआधी तिने लेकीचं नाव घेऊन एवढंच विचारलं होतं, "कोमललाबी न्हाई?"

"कागदावर असं लिवावंच लागतं, माय," भागवत म्हणाला होता. "कोण बघायला येऊन राहिलं?"

पण सुमनबाई कागद चुलीत घालणाऱ्यांतली नव्हती. शब्द दिला म्हणजे दिला. त्या दिवसापासून तिने घरात येसर भाजलाच नाही. पुढे अंथरुणाला खिळली, तेव्हा कळमनुरीहून लेक येऊन राहिली. कोमल उशाशी बसून विचारायची, माय, येसरात काय काय घालायचं ते सांग, तुझ्या हातचं काहीतरी माझ्यापाशी राहू दे. सुमनबाई तिचा हात दाबायची आणि तोंड भिंतीकडे करायची. कराराचं कोमलला कुणी सांगितलंच नव्हतं; मायचा आपल्यावर राग आहे, असंच ती समजून चालली. भागवत दारात उभा राहून हे बघायचा आणि कामावर निघून जायचा. लाज वाटायची त्याला. पण नोकरीही हवी होती.

आता मात्र त्याला राहवेना. विजयकुमार शेठ दहाव्याला आले होते, डोक्यावर पांढरा रुमाल टाकून मागे उभे होते. माणूस वाईट नव्हता. भागवत उठून त्यांच्यापाशी गेला.

"शेठ, कोमलला येसर सांगतो म्हणा. माह्या मायला मोकळं करा."

शेठनी मान खाली घातली. "भागवतराव, कारखाना मी पुण्यावाल्यांना देऊन टाकला. त्यांनी माझीही सही घेतली आहे. आता माझ्याही तोंडाला कुलूप."

दोघं हळूच बोलत होते. पण दहाव्याला माणसं गप्प असतात, आणि सगळ्यांचे कान तिकडेच होते. कोमलने ऐकलं. ती भावाकडे बघत राहिली. आता ही शिव्या घालणार, असं भागवतला वाटलं. घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

कोमल उठली, पिंडापाशी जाऊन बसली. आजारी माणसाच्या कानाशी बोलावं तशी हळू बोलली.

"माय, म्या पुन्हा न्हाई इचारणार. कंदीच न्हाई."

बाभळीवरचा एक कावळा खाली उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

संतराममामांनी हात जोडले. सुटली बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. मंडळी ढुंगणाची माती झाडत उठायला लागली. शेठनी डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला.

भागवत तेवढा जागचा हलला नाही. कावळ्याने चोचीत शितं भरून घेतली आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला. भोवतीच्या कावळ्यांनी कावकाव करून बाभूळ डोक्यावर घेतली होती. तो एकटा तोंड मिटून भागवतकडे बघत होता.