मौजेचं गाऱ्हाणं

भागोजी गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. सभामंडपात उभ्या सानिकाने चोरून मोबाइल पाहिला. अकरा चाळीस. मुंबईहून मैत्रिणीचा, श्रद्धाचा, मेसेज येऊन पडला होता : 'बाराला तिकिटं काढतेय. येतेस की दुसरीला विचारू?'

सिंगापूरला मोटारींची शर्यत होती, फॉर्म्युला वन. शाळेत असल्यापासून सानिकाने ती टीव्हीवरच पाहिली होती. आता सत्तावीस वर्षांची झाली, रत्नागिरीत बँकेत लागली, पासपोर्ट हातात आला, रजा मंजूर झाली. अडलं होतं ते एवढ्याशा कळीपाशी. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर घरी बसा.

तिचे वडील हरिश्चंद्र शेजारीच हात जोडून उभे होते. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. उजवा कौल घेतल्याशिवाय त्यांनी कधी घर सोडलं नव्हतं. त्या इंजिनांनी त्यांचे दोन्ही कान खाल्ले, आणि लेक निघाली होती इंजिनांचाच आवाज ऐकायला, तोही हौसेने, दर्यापार! ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "आईला विचारू. ती बोलंल ता खरा." सानिकानेही मोठ्या तोंडाने 'बरं' म्हटलं होतं, आणि आता पस्तावत होती.

भागोजीने डोळे मिटले आणि पाठ असलेलं गाऱ्हाणं एका दमात सोडलं. "आई माझे, ह्या घरातला लेकरू दर्यापार चाललाय. जहाजावरची नोकरी नीट होऊं दे, कप्तानाची मर्जी राहूं दे, चार पैशे गाठीला बांधून सुखरूप घरला येऊं दे!"

"व्हय म्हाराजा," हरिश्चंद्र म्हणाले. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. गुरवाचे ओठ थांबले की म्हणायचं, ही सवय.

कप्तान? कुठला कप्तान? या गावातून परदेशी गेला तो जहाजावरच गेला, त्यामुळे भागोजीच्या गाऱ्हाण्यात दुसरं कारणच नव्हतं. सानिकाने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात उजवी कळी टपकन खाली पडली.

"उजवा!" भागोजी खूश झाला.

हरिश्चंद्रांनी कळी उचलून डोळ्यांना लावली. मग लेकीकडे वळून, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळं देऊळ घुमेल अशा आवाजात विचारलं, "गाराणा नीट घातलान ना गो?"

नुसती मान हलवायची होती. भागोजीला चूक कळली नव्हती, बाबांना कळणार नव्हती, आणि देवी काही बोलायला येणार नव्हती. पण घरात बाबांचे कान म्हणजे सानिका. डॉक्टर काय म्हणाला, फोनवर कोण काय बोललं, ती सांगेल ते खरं. उलट विचारायचीसुद्धा त्यांना कधी गरज वाटली नव्हती. इतकं सोपं खोटं तिच्या तोंडून निघेना.

"नाही बाबा," त्यांना ओठ दिसतील अशी समोर येऊन ती म्हणाली. "भागोजीकाका म्हणाले, मी जहाजावर नोकरीला चाललेय."

भागोजी ओशाळला. "मग तू कशाला चाललीस ती?"

"शर्यत बघायला."

"आन बघून?"

"बघून परत यायचं."

"म्हणजे काम कायच नाय?" त्याने डोकं खाजवलं. "मौजेचा गाराणा नाय गो आमच्याकडं. आजारपणाचा हाय, लग्नाचा हाय, हरवलेल्या गुराचा पण हाय. आन तीच गोष्ट परत विचारायची म्हणजे आई रागावली तर डावाच देल."

सानिकाने हेही बाबांना जसंच्या तसं सांगितलं. अकरा त्रेपन्न झाले होते. हरिश्चंद्रांनी पाषाणापुढचं कळ्यांचं ताट उचलून भागोजीच्या हातात दिलं. "तू लाव. बोलतो मी."

नव्या कळ्या चिकटल्या. हरिश्चंद्रांनी हात जोडले.

"आई! माझी पोर मजा करायला चाललीय. कमवायला नाय. मी अठरा वेळा सिंगापूरला गेलो नि अठरा वेळा तेलात हात घालून परत आलो. मजा करून ये, असा मला कोण बोलला नाय, तूसुद्धा नाय. हिला बोल."

"व्हय म्हाराजा," भागोजी घाबरत पुटपुटला.

कळ्या हलेनात. सत्तावन्न झाले, अठ्ठावन्न झाले. हे सगळं खरं सांगून आपण स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं सानिकाला वाटू लागलं. मोबाइल थरथरला : 'काढू का गं?' तिने वर पाहिलं. डावी कळी सुटत आली होती. भागोजीला ते दिसलं, त्याने मान खाली घातली. ते बाबांनाही दिसलं.

हरिश्चंद्र वळले आणि पाषाणाकडे पाठ करून लेकीसमोर उभे राहिले. त्यांच्या रुंद खांद्यांमागे तिला आता काहीच दिसेना.

"लिव तुझ्या मैत्रिणीला, येत्ये म्हणून."

"पण बाबा, कौल..."

"तू लिव," ते म्हणाले, आणि कान गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला. "आईची समजूत मी काढतो."