लेखी अर्ज

अगादीरच्या त्या मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात सडकी मासळी कुणी हुडकायची, हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. जिला वास यायचा ती शेजारणीला सांगायची, आणि खिदळत, शिव्या हासडत बायका ती पेटी बाजूला ढकलायच्या.

नवा मुकादम मखलूफ याला ते बघवेना. "हा काय हमामखाना आहे, गं? तोंडं बंद! सांगायचं ते लेखी अर्जात. कुणी कुजबुजलं तरी दिवसाचा खाडा लावीन."

आज सकाळी बारावी पेटी उघडताच कामकरीण तामोच्या नाकात भपकारा गेला. तिने मुकाट्याने अर्ज लिहून दिला. मखलूफने तो न वाचताच त्यावर चहाचा पेला ठेवला आणि बाराव्या पेटीतली मासळी सरळ डब्यांत गेली.

सुटीच्या वेळी तोच मखलूफ गोड हसत, आदराने 'लाल्ला' म्हणत आला. "लाल्ला तामो, उद्या नातवाचं बारसं आहे. घरी न्यायला तीस डबे बांध बरं. आजच्याच मालातले, ताजे!"



 बाराव्या पेटीतल्या मासळीचेच डबे तामोने वेचून वेचून बांधले. अर्ज तर सकाळीच दिला होता.