निकालाच्या दिवशीची भाकरी

लेकीचा, पूनमचा जीव घेणाऱ्या सोपानची फाशी सुप्रीम कोर्टानं कायम केली, ही बातमी दौंडहून आलेल्या पेपरात छापून आली. "निकाल लागंस्तोवर गोडाला शिवणार न्हाई," असं पोरीच्या तेराव्याला म्हणालेली अनसाबाई नऊ वर्षं शब्दाला जागली होती. नवऱ्यानं, मल्हारीनं डोळे पुसत पेढा तिच्या तोंडाशी नेला. "खा आता. न्याय झाला."

तिनं पेढा देवळीत ठेवला, परात पुढं ओढली आन् भाकरी थापायला बसली. पिठलं-भाकरी टोपलीत घालून तिनं वर फडकं टाकलं, डोक्यावर पदर घेतला.

"अगं, कुठं निघालीस?"



"सोपानच्या आईकडं. तिची चूल आज पेटली नसंल."