पहिला नंबर

पायथ्याशी मुक्कामाला आलेल्या साहेबापुढे शाळेच्या पोरांची शर्यत झाली, तीत खात्या सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची दोरी दोन हातांवर आली आणि तो मातीत बसला. गुरुजी तडक डोंगर चढून त्याच्या आईकडे, रेवाबाईकडे आले.

“पायात काटा गेला म्हणे! जन्मापासून अनवाणी हिंडणाऱ्या पोराला आजच काटा लागला? सहा महिने शिकवलं मी त्याला.”

“काटा नाही, गुरजी. मीच त्याला सांगितलं, बस म्हणून.” रेवाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. “गेल्या साली मन्हा थोरला पोरगा जान्या पहिला आला. तूच टाळ्या वाजवल्या. साहेबाने पाठ थोपटली, अन् दुसऱ्या दिवशी शिकारीत हाका घालून वाघ उठवायला त्यालाच सगळ्यांच्या पुढे धाडलं. म्हणे, हा चांगला पळतो. पळाला ना. वाघ जास्त पळाला.”

गुरुजींनी तांब्या तसाच खाली ठेवला.

“खात्या आता शर्यतीत यायचा नाही,” ती म्हणाली. मग त्यांचा पडलेला चेहरा बघून तिनेच विचारलं, “पहिला कोण आला मग?”

“इंद्रसिंग. साहेबाने त्याला मुक्कामावरच ठेवून घेतलंय.”

इंद्रसिंग रेवाबाईच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, तिच्याच घरात वाढलेला. सकाळी दोघांना तिने एकाच थाळीत भाकर वाढली होती. कानात मात्र एकट्या खात्याच्याच सांगितलं होतं.