पर्पेच्युआ आंटींची ताकद

म्हातारपणी स्नायू का झिजतात, यावर विद्यापीठात संशोधन करणाऱ्या अक्षताला मालाडच्या गावठाणातल्या पर्पेच्युआ आंटींचं भारी कुतूहल होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली, जेवण चिमणीएवढं, तरी दंड कसे पोलादी! यंदाच्या तपासणीत मात्र ते दंड पार उतरलेले दिसले. रक्त, साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. अक्षता चक्रावली.

"आंटी, खाण्यात काही बदल झाला का?"

"नाय गं. उलट लेक रोज अंडी खायला घालते."

"मग व्यायाम वगैरे सोडलात?"

आंटींना हसू आलं.

"व्यायाम कसला? अंथरुणाला खिळलेल्या माझ्या नवऱ्याला, हेन्रीला, रोज उचलून खुर्चीत बसवायचे. ईस्टरला तो गेला. आता चहाचा कप तेवढा उचलते. तोही एकच."